एक मिनिट सत्तावन्न सेकंद

जेवणं झाली, भांडी पालथी पडली आणि लाइट गेले. इन्व्हर्टरने दहा मिनिटं घराची लाज राखली, मग तोही बसला. मागच्या खोलीत खिडकीशी मामांची खाट होती. तिच्याभोवती सगळे गोळा झाले. सगळे म्हणजे तिघंच: दोघी भाच्या आणि एक भाचा.

"मामा, भुताची सांगा."

"भूतबित काही नसतं गं."

"मग नसलेल्या भुताची सांगा," धाकटी म्हणाली.

मामांनी पाय वर घेतले, गुडघ्यांवर चादर ओढली. "सांगतो. पण यात हडळ नाही, किंकाळी नाही. मध्येच हसायचं नाही. आणि तू ते कानातलं काढ आधी."

"गाणं बंदच आहे मामा," भाचा म्हणाला.

"बंद आहे तर कानात काय कुलूप म्हणून लावलंयस?"

त्याने निमूटपणे काढलं.

मामा निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. त्याआधी तीस वर्षं ते एका आवाजघरात कोठीच्या किल्ल्या सांभाळायचे. आवाजघर हे लोकांनी ठेवलेलं नाव. पाटीवरचं नाव दीड ओळीचं होतं आणि ते पुरतं कुणीच वाचलं नव्हतं. तिथे जुन्या धंद्यांतल्या माणसांची बोलणी रेकॉर्ड करून जपून ठेवत. माणूस गेला तरी त्याचा आवाज राहावा, एवढाच उद्योग.

"आमच्याकडे एक तपासनीस होता," मामा म्हणाले. "त्याचं नाव सांगणार नाही. तो अजून आहे, त्याला आवडायचं नाही. ऑफिसात त्याला कानसेन म्हणायचे. त्याच्याबाबतीत घडलेलं आहे हे. बावीस नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळी सात वाजून चाळीस मिनिटं. एवढं नक्की सांगू शकतो, कारण आत शिरताना त्याने माझ्या वहीत वेळ लिहिली होती."

आणि मामांनी जे सांगितलं ते असं.

हा कानसेन चाळिशीचा, अबोल, अंगाने काटकुळा. कान मात्र असा की शेजारच्या खोलीत कुणी पेनाचं टोपण लावलं तरी तो सांगायचा, नीट बसलं नाही. त्याचं काम ऐकायला सोपं. बाहेरून नखाएवढं कार्ड यायचं, त्यात कुणा म्हाताऱ्याचं तासाभराचं बोलणं. ते मशीनवर उतरवून घ्यायचं. मशीन प्रत्येक फाइलचा एक लांबलचक आकडा काढून देतं, त्याला ते लोक ठसा म्हणायचे. बोटाच्या ठशासारखाच; फाइलमधला आवाज कणभर हलला तरी ठसा बदलतो. कार्डावरच्या फाइलचा ठसा आणि उतरवलेल्या फाइलचा ठसा जुळला, की माल जसा निघाला तसा पोचला. मग हेडफोन लावून ऐकायचं. अख्खं नाही, इतका वेळ कुणाला आहे? पहिलं मिनिट, मधलं मिनिट, शेवटचं मिनिट. कुठे घरघर आहे, कुठे आवाज फाटलाय, ते लिहायचं. ठीक असेल तर सही. दोन प्रती दोन वेगळ्या इमारतींत ठेवायच्या आणि कार्ड पुसून परत द्यायचं.

त्याचे वडील वजनकाटे दुरुस्त करायचे. अण्णा. छोटंसं दुकान, भिंतभर तराजू टांगलेले, आणि अण्णांची जीभ दिवसभर चालू. गिऱ्हाईक काटा घेऊन आलं की काटा होईपर्यंत त्याच्या सात पिढ्यांची चौकशी व्हायची. मुलाने दुकान घेतलं नाही याचा राग होता, पण तो तोंडी लावण्यापुरता. "आमचे चिरंजीव कानात बोंडं घालून बसतात आणि त्याचा पगार घेतात," असं म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

ते हसणं एका दिवसात संपलं. आई घरात कोसळली तेव्हा हा ऐकण्याच्या खोलीत होता. हेडफोन कानांवर, फोन टेबलावर पालथा, मुका केलेला. नियमच तसा होता. अण्णांनी तेवीस वेळा फोन केला. हा दवाखान्यात पोचला तोवर आई गेली होती. अण्णा दारातच उभे होते. म्हणाले, "दिवसभर दुसऱ्यांचं ऐकतोस ना?"

बस. एवढंच. त्यानंतर सहा वर्षं त्यांनी त्याच्याशी एक शब्द काढला नाही. तो घरी गेला की ते उठून दुकानात जायचे. निरोप असेल तर ताईमार्फत. ताई बिचारी दोघांच्या मध्ये पोस्टमन झाली होती.

"सहा वर्षं?" धाकटी म्हणाली. "मी तर दादाशी सहा मिनिटं अबोला धरू शकत नाही."

"आमचं दुर्दैव," भाचा म्हणाला.

"गप्प बसा रे," मोठीने दोघांना दटावलं. "मामा, तुम्ही सांगा."

त्या वर्षी फेब्रुवारीत आवाजघराने अण्णांचं बोलणं रेकॉर्ड केलं. एका दुपारी दुकानात गेल्या होत्या टेपवाल्या बाई. टेप जाऊन वर्षं लोटली तरी बाईंचं नाव तेच राहिलं होतं. मार्चमध्ये अण्णा झोपेतच गेले. आणि एप्रिलमध्ये ते कार्ड कानसेनच्या टेबलावर आलं.

घरच्या माणसाची फाइल दुसऱ्याने तपासायची, असा रिवाज होता. याने कुणाला दिली नाही. पण ऐकवतही नव्हतं. म्हणून नेमकं नियमाएवढं ऐकलं. पहिलं मिनिट: अण्णा पितळी वजनं कशी घासायची ते सांगत होते. आवाज खणखणीत. मग मधलं मिनिट, सव्विसावं.

बाईंचा आवाज: "मुलगा काय करतो?"

अण्णा: "पुढचं विचारा."

प्रश्न संपला आणि उत्तर आलं, मध्ये श्वासाचीही जागा नाही. माशी हाकलावी तसं.

त्याने शेवटचं मिनिट कसंबसं ऐकलं. 'दोष नाही' असं लिहिलं. लांबी बावन्न मिनिटं नऊ सेकंद. सही केली. कार्ड पुसलं. आणि पुढचे सात महिने तो माणूस त्या दोन शब्दांखाली दबून राहिला. बायकोला सांगितलं नाही, ताईला सांगितलं नाही. सांगणार तरी काय? बाप मरतानाही मला झटकून गेला?

नोव्हेंबरात ताईचा फोन आला. "अरे, अण्णांचं ते रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घालून आण की. माझ्या लेकीला आजोबांचा आवाज आठवेनासा झालाय म्हणते."

"आणतो."

"गेल्या महिन्यातही आणतो म्हणालास."

"आज आणतो गं."

म्हणून तो त्या मंगळवारी ऑफिस सुटल्यावर परत गेला. मामांकडून किल्ली घेतली, वहीत वेळ लिहिली. जिन्याशी टेपवाल्या बाई भेटल्या. खांद्याला मशीनची पिशवी, हातात छत्री, घरी निघालेल्या.

"वडिलांची कॉपी काढताय? बरं केलंत. मी विचारणारच होते, पण धीर होईना. ऐकलंत ना सगळं?"

"ऐकलं."

"ते मधलं पण?"

"तेच तर ऐकलं," तो म्हणाला. आवाजात कडवटपणा आलाच.

"फार वेळ बसून राहिले हो ते," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं हे काम करतेय, पण असं कुणी बसलेलं पाहिलं नाही."

"कोण बसलं?"

"तुमचे वडील. मी मुलाचं विचारलं ना, तेव्हा. एरवी तोंडाचा पट्टा चालू होता, मला पाणी प्यायला सवड देत नव्हते. आणि एकदम गप्प. मी म्हटलं, बंद करू का मशीन? म्हणजे नुसती खूण केली. त्यांनी हातानेच नको म्हटलं. तोंड उघडायचे, परत मिटायचे. माझ्यासमोर आकडे पळत होते म्हणून सांगते, एक मिनिट सत्तावन्न सेकंद. मग म्हणाले, पुढचं विचारा." बाईंनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "मी ते मुद्दाम ठेवलं. म्हटलं, हे तुमच्यासाठीच आहे."



"ते कार्ड..." त्याने विचारलं.

"कार्ड तुम्हीच पुसून दिलंत की! त्यावर नंतर पन्नासेक माणसं बोलून गेली असतील. का? काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला.

ऐकण्याची खोली तळघरात होती. एकामागे एक दोन दारं, भिंतींना जाड गाद्या, पंखा नाही, घड्याळ नाही. तिथे पाच मिनिटं गप्प बसलं की आपल्याच कानशिलातलं रक्त ऐकू यायला लागतं. त्याने फाइल उघडली. आवाजाच्या लहरी पडद्यावर पसरल्या. सव्विसाव्या मिनिटाशी जाऊन त्याने चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. बाईंचा शेवटचा शब्द. अण्णांचा पहिला शब्द. आणि दोहोंच्या मध्ये केसाएवढा सांधा.

मग त्याने एप्रिलमधली नोंद काढली.

त्या सकाळी तो लोकांना वाटायच्या प्रती काढत होता. लोक प्रवासात ऐकतात, त्यांना बोलण्यातली खिंडारं चालत नाहीत. म्हणून दहा सेकंदांहून लांब शांतता आपोआप कापली जावी, अशी एका चौकटीत खूण करायची सोय होती. ती खूण त्याने केली होती आणि नंतर काढायची राहिली. तशातच अण्णांची फाइल उतरवली. तरीही चूक पकडली गेली असती, ठसा जुळला नसता. पण ठसा आधी कार्डाचा काढायचा असतो, मग उतरवायचं असतं. त्या दिवशी मन थाऱ्यावर नव्हतं. त्याने आधी उतरवलं आणि ठसा काढला तो उतरवलेल्या फाइलचाच, दोनदा. जुळणारच की. कापलेली फाइल कापलेल्या फाइलशी जुळली.

अख्ख्या बावन्न मिनिटांत दहा सेकंद गप्प असा तो बोलका माणूस एकदाच बसला होता. आणि तेवढंच नेमकं मुलाने कापून टाकलं होतं. वर 'दोष नाही' म्हणून सही.

दुसऱ्या इमारतीतली प्रत तीच. कार्ड गेलेलं. कुठे दाद मागायची?

त्याने डोकं टेबलावर टेकलं. किती वेळ, कुणास ठाऊक. मग त्या गाद्यांच्या भिंतींना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाला, "अण्णा, चुकलो."

आणि हेडफोन चढवून फाइल पुन्हा लावली. का लावली ते त्यालाही सांगता आलं नसतं. दुखऱ्या दातावरून जीभ फिरतेच.

बाई म्हणाल्या, "मुलगा काय करतो?"

...

उत्तर आलं नाही.

त्याला वाटलं, मशीन अडकलं. पडद्यावर बघितलं. वेळेचा आकडा थांबला होता. पंचवीस मिनिटं, पन्नास सेकंद. जागचा हलत नव्हता.

पण कानात काहीतरी होतं. फार बारीक. त्याने आवाज वाढवला.

श्वास.

आत जाणारा. थांबणारा. बाहेर येणारा. म्हाताऱ्या छातीचा. मध्येच घशात काहीतरी अडल्यासारखा. ओठ विलग झाल्याचा चिकट आवाज. पुन्हा मिटल्याचा.

त्याने मशीन बंद केलं.

पडदा काळा झाला.

श्वास चालूच होता.

वायर तपासावी म्हणून त्याने हेडफोन काढले. टेबलावर ठेवले. हात मागे घेतला...

आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं. अजूनही ऐकू येतंय.

खोलीत.

त्याच्या मागे. उजव्या खांद्याच्या जरा वर. उभ्या माणसाचं तोंड असतं तितक्या उंचीवर.

"मामा..." धाकटीने मोठीचा हात धरला होता.

मामा थांबले नाहीत.

त्याची पाचावर धारण बसली. दार मागे होतं. दाराकडे जायचं म्हणजे वळायचं. वळायचं म्हणजे...

तो वळला नाही.

श्वास आत गेला. थांबला. कुणीतरी बोलायला तोंड उघडलं होतं.

...

मिटलं.

पुन्हा उघडलं.

...

आणि त्या भीतीतच त्याला एकदम कळलं, की हे आपल्याला घाबरवायला आलेलं नाही. याला सांगता येत नाहीये. एवढा बोलका माणूस, आणि याला सापडत नाहीये. त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले. कान उघडे. काही झाकलेलं नाही. आईच्या वेळी जे केलं नव्हतं ते त्याने केलं. तो नुसता ऐकत बसला.

कधीतरी डोळ्यांना धार लागली. त्याने ओठ दाबून धरले. तरी हुंदका यायचा तो आला.

मागचा श्वास थबकला.

मग जवळ आला. आणखी जवळ. मानेवर ऊब... नाही, ऊब नव्हती. नुसता आवाज. कानाशी.

...

...

टेबलावरच्या हेडफोनमधून बारीक, लांबून आल्यासारखे शब्द आले: "पुढचं विचारा."

पडदा उजळला. आकडा पळायला लागला. अण्णा दुकानातल्या कुठल्याशा मोठ्या काट्याबद्दल भरभरून बोलू लागले.

खोलीत कुणी नव्हतं.

मामा तांब्या उचलून पाणी प्यायले. बाहेर कुठेतरी जनरेटर धडधडत होता.

"भास झाला असेल," शेवटी भाचा म्हणाला. पण आवाज त्याचा त्यालाच पटला नाही. "म्हणजे, एवढा धक्का बसलेला माणूस..."

"मीही तेच म्हटलं त्याला," मामा म्हणाले. "रात्री नऊ वाजता माझ्या दारात उभा. चेहरा धुतल्यासारखा. म्हणाला, मामा, उद्या सकाळी माझ्याबरोबर खाली चला, मला एकट्याला जायचं नाही. ऑफिसात सगळे मला मामाच म्हणायचे. म्हटलं, बाबा रे, झोप नीट, सकाळी बघू."

"आणि सकाळी?"

"सकाळी आम्ही तिघं खाली गेलो. तो, मी आणि टेपवाल्या बाई. त्याने फाइल उघडली. एप्रिलच्या कागदावर लांबी लिहिलेली, त्याच्याच अक्षरात: बावन्न मिनिटं नऊ सेकंद. पडद्यावर होतं चोपन्न मिनिटं सहा सेकंद."

मोठीने मनातल्या मनात वजाबाकी केली. अंधारातही तिचे ओठ हलताना दिसले. मग ते थांबले.

"कुणी तरी मागून घातलं असेल," भाचा म्हणाला.

"मशीन नोंद ठेवतं. फाइलला कोण शिवलं, कधी शिवलं. एप्रिलनंतर कुणी शिवलेलं नव्हतं. दुसऱ्या इमारतीतली प्रत आणवली, ती होती तेवढीच. बावन्न-नऊ. आजही तेवढीच आहे."

"मग तुम्ही ऐकलंत ते? मधलं?"

"ऐकलं. बाईंनी आधी ऐकलं. पहिल्यांदा मान डोलावत होत्या. हो, हो, असेच बसले होते, म्हणाल्या. असाच श्वास घेत होते. मग त्यांची मान थांबली. हेडफोन काढले, माझ्याकडे दिले."

मामांनी चादर पुन्हा गुडघ्यांवर ओढली.

"मी ऐकलं. म्हाताऱ्याचा श्वास होता, बरोबर. पण मिनिटभराने आणखी एक श्वास ऐकू यायला लागतो. तरण्या माणसाचा. ओठ दाबून धरलेत, आणि दाबता येत नाहीये, असा. मग एक हुंदका. आणि तो म्हातारा श्वास थबकतो... आणि त्या दुसऱ्याच्या अगदी जवळ जातो."

"त्या बाईंचाच असेल," धाकटी कुजबुजली. "समोर त्याच तर होत्या."

"मीही तेच विचारलं. बाईंनी तोंडाला पदर लावला होता. म्हणाल्या, समोर मी एकटी होते, मामा. त्या दुपारी त्या दुकानात कोणी रडलं नव्हतं."